निळा हायड्रेंजिया इंदुरात गुलाबी का होतो?

थंड हवेच्या गावातून आणलेला निळाशार हायड्रेंजिया (गुच्छांनी फुलणारं शोभेचं झुडूप) इंदुरात पुढच्या बहराला गुलाबी फुलतो. हा रोग नव्हे, नर्सरीवाल्याने फसवलं असंही नव्हे. रंगद्रव्य तेच असतं, फरक पडतो तो अ‍ॅल्युमिनियमने. मातीचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) ५.५ च्या खाली असला की अ‍ॅल्युमिनियम विरघळून मुळांवाटे फुलात पोचतं आणि रंगद्रव्याशी जोडी जमवून निळा रंग देतं. पीएच ६.५ च्या वर गेला की ते मातीतच अडकतं आणि फूल गुलाबी येतं. (पांढऱ्या जातींना हा नियम लागू नाही.)

माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून झालेली, चुनखडीची. पीएच बहुधा ७.५ ते ८.५. पावसाळ्यात ती चिकट होऊन मुळं गुदमरतात, उन्हाळ्यात भेगाळून मुळं तुटतात. त्यामुळे जमिनीत लावायचा हट्ट नको. १६ इंची कुंडी घ्या. दोन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग परलाईट (हलके पांढरे खडे), एक भाग कंपोस्ट. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरातच बसवलेल्या कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’चं, तीन महिने नीट मुरलेलं खत मिळालं तर उत्तमच. हाडांचा चुरा मात्र घालू नका. त्यातलं फॉस्फरस अ‍ॅल्युमिनियमला बांधून टाकतं.

खरी मेख पाण्यात आहे. बोअरिंगच्या पाण्यातले बायकार्बोनेट दर पाण्यागणिक पीएच वर नेतात. काही महिन्यांत कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या दिसू लागतात. अशा वेळी लोक खत वाढवतात, पण हे लोह न मिळाल्याचं लक्षण. मातीत लोह असतं, पीएच वाढल्यामुळे रोपाला ते घेता येत नाही एवढंच. गच्चीवरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून तेच घाला. निळा रंग हवा असेल तर कळ्या दिसण्यापूर्वी दर तीन आठवड्यांनी ४ लिटर पाण्यात १५ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, तेही ओल्या मातीत. जास्त झालं तर मुळं करपतात.

जागा पूर्वेची, सकाळी नऊ-दहापर्यंतच ऊन येणारी. एप्रिल-मेमध्ये हिरवी जाळी हवीच. भर दुपारी पानं लोंबली म्हणून लगेच पाणी ओतू नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा. ओल लागली तर पानं संध्याकाळी आपोआप सावरतात.

पुढच्या बहराचे डोळे (फुलांचे कोंब) ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गार रात्रींत, जुन्या फांद्यांच्या टोकाशी धरतात. हिवाळ्यात कात्री लावली की फुलंच कापली जातात. सुकलेले गुच्छ बहर सरताच, खालच्या पहिल्या जाड डोळ्यांच्या जोडीवर कापा.