उपरोध आणि ॲब्सर्ड: दप्तरशाहीच्या कथांमधली एक गल्लत

तहसील कार्यालयातल्या हेलपाट्यांवरची कथा वाचली की ‘किती ॲब्सर्ड, म्हणजे कशाचाच अर्थ न लागणारे, आहे हे’ असे आपण सहज म्हणून जातो, पण अशा बहुतेक कथा उपरोधाच्या असतात. दोन्हींत हसू आणि घुसमट एकत्र येतात, म्हणून गल्लत होते. निजामकाळातल्या जमिनीच्या नोंदी जिथे उर्दूत आणि मोडीत आहेत आणि दुष्काळ पडला की नाही हे जिथे पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उत्पन्नाचा सरकारी अंदाज, ठरवत आली, त्या मराठवाड्याबद्दल लिहिताना आणि वाचताना ही गल्लत मला गंभीर वाटते, कारण तिच्यामुळे दोष कोणाचा हा प्रश्नच पुसला जातो.

एक कल्पित गाव घेऊ. सोयाबीन शेतातच वाळले आहे, पण कागदावर गावाची पैसेवारी ५० पैशांच्या वर, म्हणजे दुष्काळ नाही अशी, लागली आहे, आणि साहेब त्याच वाळलेल्या शेताच्या बांधावर उभे राहून समाधानकारक हंगामाबद्दल गावाचे अभिनंदन करतात. हा उपरोध झाला. साहेबांचे शब्द एक सांगतात, शेत दुसरे सांगते, आणि शेत खरे बोलते याबद्दल लेखकाला किंवा वाचकाला तिळमात्र शंका नसते. उपरोधाला अशी ठाम जमीन लागते. ती नसेल, तर शब्द कशाच्या उलट आहेत हेच कळणार नाही.

आता तेच गाव ॲब्सर्ड पद्धतीने लिहू. शेतकरी आकडा कोणी ठरवला हे विचारायला निघतो. प्रत्येक टेबलावर त्याच्याशी आदराने बोलतात, कोणी पैसे मागत नाही, प्रत्येक जण नियमाने पुढच्या टेबलाकडे पाठवतो, आणि ठरवणारे टेबल कधीच सापडत नाही. शेवटी तो घरी येतो आणि आपल्याच वाळलेल्या पिकाकडे आकड्याच्या नजरेने पाहू लागतो. इथे वाचकालाही शेतकऱ्यापेक्षा जास्त काही ठाऊक नसते. म्हणून मी एकच कसोटी लावतो: कथेतल्या माणसाला न दिसणारे सत्य वाचकाला दिसते का? दिसत असेल तर उपरोध. दोघेही सारखेच अंधारात असतील तर ॲब्सर्ड.

श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या हिंदी कादंबरीतला लंगड लाच न देता, नियमानेच एका कागदाची नक्कल (प्रत) मिळवायची म्हणून तहसिलीत खेटे घालत राहतो. त्याचे अडले कशामुळे, हे सगळ्या गावाला आणि वाचकाला ठाऊक आहे. हा उपरोध आहे, आणि शुक्ल स्वतः शासकीय सेवेत असल्याने तो नेमक्या जागी लागतो. कादंबरीकार काफ्काही प्रागमधल्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ नोकरीला होता, म्हणजे दप्तर त्यालाही आतून माहीत होते. पण त्याच्या मृत्यूनंतर १९२५ साली आलेल्या ‘द ट्रायल’ या कादंबरीत नायक योझेफ के.वरचा आरोप कोणता, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही नाही. तिथला एखादा कारकून बदलून काहीच सुधारणार नाही. लंगडच्या कथेत मात्र कारकून प्रामाणिक असता तर नक्कल मिळाली असती.

म्हणूनच ज्या फाइलवर अडवणाऱ्याचे नाव स्पष्ट वाचता येते, तिची कथा ॲब्सर्ड म्हणून मांडणे हा मला अर्जदारावरचा अन्याय वाटतो. व्यवस्थेच्या धुक्यात तो माणूस सुटून जातो. याउलट, जिथे खरोखर कोणीच उत्तरदायी उरलेले नाही, तिथे उपरोधाने खलनायक उभा करणेही खोटे आहे. फक्त तशी कथा मला क्वचितच आढळते.

रशियन लेखक गोगोलच्या ‘ओव्हरकोट’ या कथेमध्ये (१८४२) दोन्हींच्या सीमेवरचे काहीतरी घडते. चोरीला गेलेल्या कोटासाठी दाद मागायला गेलेल्या गरीब कारकुनाला बडा अधिकारी रीतसर मार्गाने आला नाहीस म्हणून झापतो, तो तापाने मरतो, आणि पुढे त्याचे भूत शहरात लोकांचे कोट हिसकावत फिरते. भूत आले तरी मला ही कथा उपरोधाच्याच बाजूची वाटते, कारण अखेरीस ते नेमके त्याच अधिकाऱ्याचा कोट ओढून घेते. योझेफ के.ला एकतिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री मारले जाते, आणि ज्याच्याकडून हिशेब घ्यावा असा अधिकारी कादंबरीभर कुठेही समोर येत नाही.