‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या सेवा केंद्रात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे’. खरं सांगायचं तर आम्हीही ते सवयीने म्हणतो, आणि दरवेळी ते खरं नसतं. ओटीपी आला नाही, अंगठा उमटला नाही, केबल तुटली, तलाठ्याकडे नोंद अडकली. सगळ्याला आपलं एकच नाव. म्हणून हे पत्रक. पुढच्या वेळी आमच्यापैकी कुणी ‘सर्व्हर डाऊन’ म्हटलं, की तुम्ही हक्काने विचारा: कुठला?

कारण सर्व्हर म्हणजे दुरून माहिती पुरवणारा कॉम्प्युटर, आणि दिल्लीत सरकारचा असा एकच मोठा कॉम्प्युटर आहे आणि सगळं तिथूनच येतं, असं काही नाही. सुरुवात मात्र थोडीफार तशीच झाली होती. 1976 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, स्थापन केलं. डॉ. एन. शेषगिरी त्याचे पहिले प्रमुख. पुढच्या दशकात जिल्हे दिल्लीला जोडायचे ठरले, तेव्हा अनेक ठिकाणी ट्रंक कॉल लागायचीच मारामार. त्या तारांवरून आकडेवारी काय पाठवणार? मग तारा ओढत बसण्याऐवजी थेट उपग्रहावरून जाळं विणलं गेलं. त्याचं नाव निकनेट. जिल्हाधिकारी कचेरीच्या आवारात छोटी डिश आणि मुख्य केंद्र दिल्लीत. आमच्या मते तो निर्णय फार शहाणपणाचा होता, कारण खड्डे न खणता जिल्हे जोडले गेले. पण जाळं जिल्ह्यापाशी थांबलं. तालुक्याला आणि गावात कागद तो कागदच राहिला.

गावापर्यंत पोचायचा एक गाजलेला प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. 1998 मध्ये वारणा परिसरातली 70 गावं संगणकाने जोडायचं काम एनआयसीने हाती घेतलं. सबंध देशाचा विचार व्हायला मात्र 2005 उजाडलं. त्या वर्षी राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर झाली: राज्याच्या मुख्यालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि वेग किमान 2 एमबीपीएस. तुमच्या खिशातल्या मोबाइलला आज याहून जास्त वेग मिळतो, आणि तेव्हा तो अख्ख्या तालुक्याच्या कचेऱ्यांसाठी धरला होता! 2006 मध्ये राष्ट्रीय ई-शासन योजना आली आणि तिच्यातूनच सामान्य सेवा केंद्रांची कल्पना पुढे आली. आमच्यासारख्यांचा धंदा तिथून सुरू झाला म्हणा.

केबल कुठे तुटते?

ऑक्टोबर 2011 मध्ये अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायला केंद्राने मंजुरी दिली. त्याच योजनेला आज आपण भारतनेट म्हणतो. तालुक्यापर्यंतची फायबर बरीचशी आधीच टाकलेली होती. नवी टाकायची होती ती तालुका ते ग्रामपंचायत एवढीच. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळी दुखणी याच तुकड्यात. केसाएवढी काच, तिच्यावर प्लॅस्टिकचं आवरण, आणि ती जाते रस्त्याच्या कडेने. मागच्या उन्हाळ्यात आमच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं. जेसीबीच्या दातात केबल आली आणि आम्ही दोन दिवस हात चोळत बसलो. तुटलेली तार पीळ देऊन जोडता येते, काचेचं तसं नाही. दोन्ही टोकं साफ कापून यंत्रात समोरासमोर धरायची, विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करायची, आणि मुळात तूट कुठे आहे ते आधी शोधायचं. त्या दोन दिवसांत ‘सर्व्हर’ ठणठणीत होता. आमचा रस्ता बंद होता.

अशा वेळी आम्ही मोबाइलच्या नेटवर काम चालवतो. तेही नसेल तर तुमचा अर्ज ठेवून घेतो आणि नेट आलं की फोन करतो. उगाच बसवून ठेवत नाही.

अंगठ्याचा प्रवास

आधारची पडताळणी ही सगळ्यात गैरसमजाची जागा. तुम्ही आमच्या यंत्रावर बोट ठेवता तेव्हा तो ठसा आमच्याकडे साठत नाही, तहसीलला जात नाही. तो कुलूपबंद होऊन आधार प्राधिकरणाच्या डेटा सेंटरला जातो, आणि ती बंगळुरूला आणि हरियाणात मानेसरला आहेत. तिथून उत्तर येतं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. शेतात राबणाऱ्या, वीटभट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या बोटावरच्या रेषा झिजतात आणि उत्तर ‘नाही’ येतं. हाही सर्व्हरचा दोष नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावून बघायचं. नाहीच जमलं तर ओटीपी. म्हणून आधारला जोडलेला मोबाइल सोबत आणा, मुलाकडे ठेवून येऊ नका.

नावाचंही तसंच. गावाला माहीत असतं की गणपत आणि गणपतराव एकच. यंत्राला ती दोन माणसं वाटतात. आधारवर, बँकेत आणि सातबाऱ्यावर नाव वेगवेगळं असेल तर अर्ज भरण्याआधीच आम्हाला दाखवा.

सगळं चालू असतं, तरी काम होत नाही

हे नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. सातबाऱ्यावरच्या नोंदी बदलण्याची ई-फेरफार ही प्रणाली एनआयसीच्या पुणे कार्यालयाने घडवली. खरेदीखत नोंदवलं की फेरफाराची माहिती तलाठ्याकडे आपोआप जाते, काही क्षणांत. पण त्यानंतर कायद्याने हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकतीसाठी 15 दिवस थांबावं लागतं, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. जाळं कितीही वेगवान केलं तरी हे 15 दिवस कमी होणार नाहीत, आणि होऊही नयेत. तुमच्या जमिनीवर दुसऱ्याने नाव लावायला घेतलं तर तेच दिवस तुमच्या कामी येतील.

दाखल्यांसाठी मात्र 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. या कायद्याखाली जाहीर केलेल्या (अधिसूचित) सेवेची मुदत पूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून मोजली जाते. मुदत उलटली तर अपील करता येतं आणि सबळ कारण नसेल तर अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. त्यामुळे आमच्याकडून अर्ज क्रमांकाची पावती घेतल्याशिवाय जाऊ नका, आम्ही गर्दीत विसरलो तरी.

पीडीएफवरचं ते प्रश्नचिन्ह

1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो, शासकीय शुल्क 15 रुपये. त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. अशा स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने 2000 पासूनच मान्यता आहे. पण फाइल कॉम्प्युटरवर उघडली की कधी स्वाक्षरीच्या जागी पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि लोक घाबरून परत येतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की स्वाक्षरीमागच्या प्रमाणपत्राची तुमच्या कॉम्प्युटरला अजून ओळख नाही. ती आम्ही करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

लक्षात ठेवायचं ते वेगळंच. डिजिटल स्वाक्षरी फाइलमध्ये असते, शाईत नसते. उताऱ्याचा मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो नुसता फोटो उरतो. बँकेला मूळ पीडीएफ पाठवा, किंवा छापील प्रतीवरचा पडताळणी क्रमांक दाखवा. तो संकेतस्थळावर टाकला की खरा उतारा समोर येतो. आणि घरी स्वतः उतारा काढणार असाल, तर पत्त्यात मुख्य नावाचा शेवट ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असा आहे ना, तेवढं आधी बघा. नावात नुसतं ‘सातबारा’ असणारी संकेतस्थळं कुणीही काढू शकतो.