ॲलोकेशन (स्पोर्ट्स कार)

कारखाना एखाद्या मॉडेलच्या मोजक्या गाड्या आधी देशांत, मग डीलरांत आणि शेवटी गिऱ्हाइकांत वाटून देतो, त्या पद्धतीला ॲलोकेशन म्हणतात. मागणीपेक्षा गाड्या कमी काढल्या की भाव टिकतो. मग गाडी कुणाच्या वाट्याला येणार, हे बहुतेकदा आधीच्या खरेदीवर ठरते. 2013 साली आलेली ‘लाफेरारी’ 499 जणांसाठी होती आणि ती जुन्या फेरारीमालकांनाच देऊ केली गेली.

नफ्याचा मोठा भाग मूळ किमतीबाहेर असतो. फेरारीने 2024 मध्ये 13,752 गाड्या दिल्या. गाड्या आणि सुटे भाग यांच्या उत्पन्नातला सुमारे पाचवा हिस्सा खास रंग, चामडे, कार्बन फायबर अशा गिऱ्हाइकाच्या पसंतीच्या कामाचा होता. दुसरा आधार एसयूव्हीचा. 2002 मध्ये पोर्शेने कायेन ही एसयूव्ही आणली तेव्हा 911 या तिच्या स्पोर्ट्स कारचे चाहते चिडले, पण त्या पैशाने 911 लाच हात दिला. फेरारीने आपल्या पुरोसांग्वे या एसयूव्हीसारख्या गाडीचा वाटा एकूण विक्रीच्या 20 टक्क्यांवर रोखून धरला.

हौशी माणूस दुखावतो तो सट्ट्यामुळे, म्हणजे चढ्या भावाने विकण्यासाठीच केलेल्या खरेदीमुळे. 2016 ची पोर्शे 911 आर हे त्याचे ठळक उदाहरण. 4 लिटर इंजिन, 500 अश्वशक्ती, हाताने बदलायचे गिअर, मागे मोठा पंख नाही. ती चालवणाऱ्यांसाठीच बनवली होती, पण गाड्या फक्त 991. बघता बघता त्या कारखान्याच्या किमतीच्या दुपटीहून जास्त भावाने विकल्या जाऊ लागल्या आणि कित्येक गाड्या झाकून ठेवल्या गेल्या. पोर्शेने 2017 मध्ये 911 च्याच जीटी3 या प्रकाराला मॅन्युअल गिअरबॉक्स आणि बिनपंखाचे टूरिंग पॅकेज दिले, तेही संख्येची अट न घालता. सट्टा मोडायचा हा सगळ्यांत प्रामाणिक उपाय आहे. फोर्डने करार वापरला: जीटी ही त्यांची स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने 24 महिने गाडी विकायची नाही. ती अट मोडल्याबद्दल 2017 मध्ये कुस्तीपटू जॉन सीनावर दावा झाला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली.

मुंबईत या हिशेबात कर येतो आणि सगळे आकडे फुगतात. समजा, विमा-भाड्यासह गाडीची बंदरावरची किंमत 1 कोटी आहे. 2025 च्या अर्थसंकल्पानुसार 40,000 डॉलरच्या वरच्या गाडीवर 70 टक्के सीमाशुल्क आणि 40 टक्के कृषी उपकर, म्हणजे 2.10 कोटी. त्यावर 22 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेला 40 टक्के जीएसटी धरला की डीलरचे कमिशन सोडून 2.94 कोटी. आयात गाडीला महाराष्ट्रात 20 टक्के वाहनकर आहे, पण 1 जुलै 2025 पासून त्याची कमाल मर्यादा 30 लाख असल्याने आकडा 3.24 कोटींवर थांबतो. विमा वेगळा.

यातली खरी मेख ऑप्शनमध्ये, म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेल्या सोयींत आहे. बंदरावर 8 लाखांचे सिरॅमिक ब्रेक ताडदेव आरटीओत नोंदणी होईपर्यंत 23.52 लाखांचे झालेले असतात. परराज्याचा नंबर घेऊन कर वाचवायची वाट फार लांब जात नाही: गाडी 12 महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे इथला नंबर घ्यावा लागतो.

आधीच्या खरेदीच्या जोरावर मोजक्या गाड्यांपर्यंत पोचायची ही निष्ठेची शिडीही इथे मध्येच तुटते. भारतात उजव्या बाजूचे स्टिअरिंग सक्तीचे आहे, तर लाफेरारी आणि फोर्ड जीटी फक्त डाव्या स्टिअरिंगच्या. ब्रँडशी कितीही वर्षे इमान राखलेल्या मुंबईकराला त्या गाड्यांसाठी इथला नंबर मिळणार नव्हता. हा अन्याय गिऱ्हाइकाला आधी सांगितला पाहिजे, दोन-तीन गाड्या गळ्यात मारून झाल्यावर नाही.

बुकिंग करताना ‘यादीत नाव’ आणि ‘बिल्ड स्लॉट’ यांतला फरक ओळखावा. यादी डीलरची असते. स्लॉट कारखान्याने दिलेला असतो आणि त्याला उत्पादनाची तिमाही असते. ती तिमाही, अनामत परत मिळण्याची अट आणि स्पेक (रंग, ऑप्शन वगैरेची निवड) गोठवण्याची तारीख लेखी घ्यावी. किंमत बहुधा बुकिंगच्या दिवसाची नसून डिलिव्हरीच्या दिवसाची लागते. मधल्या काळात युरो 5 टक्क्यांनी चढला तर वरच्या उदाहरणातली 2.94 कोटींची गाडी जवळपास 15 लाखांनी महागते. हा फरक कुणी सोसायचा, हे करारात नसेल तर तो गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो.

स्पेकमध्ये काय टाळावे हे ज्याचे त्याने ठरवावे, पण पुढचा भाग उचलणारी फ्रंट लिफ्ट मुंबईत सोडू नये. सोसायटीच्या पोडियमचा उतार संपून सपाट जमीन लागते तिथे आणि गल्लीतल्या उंच स्पीडब्रेकरवर पुढच्या बंपरची खालची कड आधी घासते. लिफ्ट नाक साधारण 4 सेंटिमीटर वर घेते. ती गाडी बनतानाच घ्यावी; नंतर बसवायला गेले की हायड्रॉलिक नळ्या, पंप, वायरिंग सगळेच उघडावे लागते आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो.