खलनायक इतक्या लवकर कसा ओळखू येतो?

थरारपटात एखादं पात्र तोंड उघडायच्या आतच आपण त्याच्याबद्दल मत बनवून मोकळे होतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, तेही सेकंदाच्या दहाव्या भागापुरते, आणि विचारलं, हा माणूस विश्वासू वाटतो का? ही घाईची मतं सावकाश पाहून दिलेल्या मतांशी बरीच जुळली. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, वाढली ती मत देणाऱ्याची खात्री. ते मत खरं होतं का, हा प्रश्नच वेगळा.

पटकथाकाराला ही घाई फार सोयीची पडते. दोन तासांत गुन्हा, तपास आणि उलगडा उरकायचा असतो, प्रत्येक पात्राची ओळख निवांत करून द्यायला सवड नसते. मग गालावर एक व्रण, परका उच्चार किंवा लंगडती चाल दिली की पुढचं पात्र प्रेक्षकच मनात तयार करून घेतो. टेक्सासमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१७ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या यादीतले पहिले दहा नायक आणि पहिले दहा खलनायक तपासले. टक्कल, डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं, चामखीळ, व्रण असं काहीतरी ठळक लक्षण सहा खलनायकांमध्ये आढळलं, नायकांपैकी एकातही नाही. चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा घेऊन जगणाऱ्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखा चेहरा दिसतो, तो बहुतेक वेळा खुनी माणसाचा. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये जाहीर केलं की, खलनायकाचा दुष्टपणा व्रणांतून दाखवणाऱ्या चित्रपटांना यापुढे निधी देणार नाही. मला तो निर्णय योग्य वाटतो.

‘एका चित्रपटाने काय बिघडतं?’ असं कुणी म्हणालं, तर मी १९७६ सालच्या एका प्रयोगाकडे बोट दाखवेन. डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ३९ वाक्यं वाचायला दिली. प्रत्येक वाक्यात कुणीतरी काहीतरी केलेलं. ‘अ’ गटातल्या माणसांबद्दल २६ वाक्यं होती, १८ चांगल्या कृत्यांची आणि ८ वाईट कृत्यांची. ‘ब’ गटाबद्दल निम्मी, म्हणजे १३: ९ चांगली, ४ वाईट. प्रमाण दोन्हीकडे अगदी सारखं. या गटांना ना रंग होता, ना धर्म, ना भाषा. नुसती दोन अक्षरं. म्हणजे जुना राग असायचं कारणच नव्हतं. तरीही ‘ब’ गटाने केलेली वाईट कृत्यं वाचणाऱ्यांना होती त्याहून जास्त आठवली, आणि तो गट त्यांना कमी आवडला. संशोधकांनी कारण असं दिलं: छोटा गट कमी वेळा समोर येतो, वाईट कृत्यंही कमीच, या दोन विरळ गोष्टी एकत्र आल्या की डोळ्यांत भरतात आणि मनात राहतात.

हे पडद्यावर लावून पाहा. बहुसंख्य समाजातला खुनी दिसला, तरी त्याच समाजातला डॉक्टर, वकील, आई, शेजारी त्याच चित्रपटात असतात. अल्पसंख्य समाजातला माणूस वर्षातून एकदा दिसावा आणि तेव्हाही त्याच्या हातात सुरा असावा, तर सुरा आणि तो समाज यांची गाठ मनात पक्की बसते. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

‘पण आम्ही तर साचा मोडतो,’ असं काही दिग्दर्शक म्हणतील. ज्याच्यावर संशय घ्यायला लावला तो निर्दोष, खुनी भलताच! हा चकवा मला पटत नाही. दीड तास कथेतला ताण त्याच संशयावर चालतो, निर्दोषत्व मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतं. शिवाय आठवण पूर्वग्रहाच्या बाजूने सरकते. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात अमेरिकेत एक चित्र वापरलं होतं. रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस समोरासमोर उभे, वस्तरा गोऱ्या माणसाच्या हातात. चित्र पाहिलेल्याने ते दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. निम्म्याहून अधिक साखळ्यांमध्ये सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला.

साचा खरोखर मोडणारा चित्रपटही दुसऱ्या साच्याला हात देऊ शकतो. हिचकॉकच्या ‘सायको’ने (१९६०) जॅनेट ली या प्रसिद्ध नायिकेला निम्मा चित्रपट व्हायच्या आतच मारलं, आणि खुनी ठरवला तो पाहुणीला आपुलकीने सँडविच आणि दूध देणारा लाजाळू, पण मनोरुग्ण तरुण. नायिका शेवटपर्यंत जगते हा समज तिथे ढासळला, पण ‘मनोरुग्ण म्हणजे खुनी’ हा समज बळावला. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं हिंसक नसतात. उलट हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना इतरांपेक्षा जास्त असतो.

सुझन फिस्क आणि स्टीव्हन न्यूबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडलं की, समोरच्याकडे पुरेसं लक्ष असेल, त्याला ओळखण्याची गरज वाटत असेल आणि साच्यात न बसणारी माहिती मिळत असेल, तर आपण गटावरून हटून त्या एका माणसाकडे पाहू लागतो. थरारपटाच्या प्रेक्षकाकडे यातल्या पहिल्या दोन गोष्टी असतातच. टेबलावरची किल्ली, बंद न केलेलं दार, चुकलेली वेळ, काहीही त्याच्या नजरेतून सुटत नाही. उणीव असते ती तिसऱ्या गोष्टीची. संशयित रखवालदार आजारी बहिणीच्या औषधांच्या वेळा वहीत लिहितो आणि बुद्धिबळात मालकाला हरवतो, एवढं जरी पहिल्या अर्ध्या तासात दाखवलं, तरी प्रेक्षक त्या वहीचा आणि त्या डावाचा अर्थ लावत बसेल. आणि शेवटी तोच खुनी निघाला, तरी त्याच्या गुन्ह्याचा भार त्याच्या समाजावर पडणार नाही.