मानकुराद म्हणजे ‘वाईट रंगाचा’

मे महिन्यात म्हापशाच्या बाजारात मानकुरादाचा ढीग मांडून बसलेल्या बाईला दर विचारा. ती डझनाचा भाव सांगते आणि तुम्ही घासाघीस सुरू करायच्या आत एक आंबा उचलून त्याचा देठ तुमच्या नाकाशी धरते. पुढचे काम तो वासच करतो. नुसती साल बघून हा आंबा कोणी घेणार नाही. रंग फिकट पिवळा, मध्येच हिरवट, अंगावर काळे ठिपके. पोर्तुगिजांनी नेमके तेच पाहिले आणि नाव दिले ‘माल कोरादो’, म्हणजे वाईट रंगाचा. त्याचे मालकुराद झाले आणि गोवेकरांच्या तोंडी ते मानकुराद म्हणून रुळले. ज्याला वाईट रंगाचा म्हटले, त्याच्यापुढे आमच्याकडे दुसरा आंबा कोणी मोजत नाही. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

नाव ठेवणाऱ्याला पहिल्या नजरेत जे दिसले तेच नावात उतरते आणि ती नजर पुढे शेकडो वर्षे टिकते. गोव्यात इतके लोक बाहेरून आले की अशा नावांचा इथे मोठाच साठा झाला आहे.

हापूसच घ्या. हे नाव आफोन्सो द आल्बुकेर्कवरून आले असे मानले जाते. त्याने 1510 मध्ये गोवा जिंकला आणि 1515 मध्ये तो गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच वारला. आंब्याची कलमे बांधायची पद्धत इथे रुजवण्याचे श्रेय मात्र जेझुइट पाद्र्यांना देतात आणि ते गोव्यात पोचले 1542 मध्ये. म्हणजे ज्याचे नाव घेऊन आपण पेटी उघडतो, तो हे कलम बांधले जाण्याच्या कितीतरी आधी गेलेला होता.

स्वयंपाकघरातही हेच. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, पण मुळात तो कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा आणि त्यांच्याकडे तो रताळ्याला वापरत. रताळ्याचे नाव बटाट्याने पळवले. विंदालू या मांसाच्या कालवणाची गोष्ट याच्या उलटी आहे. मूळ शब्द ‘व्हिन्य दाल्योस’, म्हणजे द्राक्षाची दारू आणि लसूण. दारूच्या जागी इथे माडाच्या सुरेचा, म्हणजे माडीचा, व्हिनेगर आला, मसाला वाढला आणि शब्दाचा शेवट ‘आलू’सारखा ऐकू येऊ लागला. परदेशातल्या हॉटेलांत म्हणूनच त्यात बटाटे घालतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरात विंदालूत बटाटा शोधलात तर बिचारी घरची बाई गोंधळेल.

बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात, म्हणजे बदक. मुंबईहून डाकगाडीने सुका बोंबील जायचा, त्या ‘डाक’चे ‘डक’ झाले, ही गोष्ट सगळ्यांना आवडते. मलाही आवडायची. पण आपल्याकडे पहिली रेल्वे धावली 1853 मध्ये आणि हे नाव त्याच्या आधीच इंग्रजी पुस्तकांत छापलेले सापडते. जनावरांची नावे आपण स्वतःच चुकवली आहेत. खवले मांजर हे मांजर नव्हे, त्याला दातच नसतात, लांब जिभेने ते मुंग्या आणि वाळवी खाते. मोलेच्या रानात दिसणारा गवा हा आपला राज्यप्राणी. कोणी त्याला रानरेडा म्हणतो, इंग्रजीत तो ‘बायसन’. तो रेडाही नाही आणि बायसनही नाही. गाईबैलांचाच तो थोरला रानटी भाऊबंद.

सगळ्यात जास्त फसगत होते ती गावांच्या नावात. पोर्तुगीज भाषेत ‘गोवा वेल्हा’ आणि ‘वेल्हा गोवा’ दोन्हींचा अर्थ एकच, जुने गोवे. ठिकाणे मात्र दोन. गोवा वेल्हा पणजी-मडगाव रस्त्यावर, जुवारीच्या बाजूला. कदंबांचे गोपकपट्टण बंदर ते हेच. अकराव्या शतकात कदंबांनी चांदोरहून राजधानी इथे आणली. पुढे शहर मोडले, बंदर गाळाने भरले आणि व्यापार मांडवीकाठच्या एला गावाकडे सरकला. आदिलशहाकडून पोर्तुगिजांनी जिंकले ते हे मांडवीकाठचे गोवे, तेव्हा मागे पडलेले ठिकाण ‘जुने’ ठरले. मग रोगराईने नवे शहरही ओस पडले, 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली आणि आता एलाचे गोवेही ‘जुने’, तेच वेल्हा गोवा. चर्चेस बघायला निघालेला पाहुणा चुकून गोवा वेल्ह्याला उतरतो तेव्हा त्याला हसू नये. तो खरे तर अधिक जुन्या गोव्यात उतरलेला असतो.

त्या चर्चेसमधले बॉम जेझूसचे बाझिलिका पाहा. 1594 मध्ये बांधायला घेतले, 1605 मध्ये त्याचा अभिषेक झाला. उघड्या तांबड्या चिऱ्याची ती भिंत म्हणजेच पुरातन गोवा, असे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला वाटते. पण ही इमारत चुन्याचा गिलावा केलेली होती. गिलावा खरवडून काढला तो 1950 च्या दशकात, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. आमच्याकडे साध्या कुंपणाच्या चिऱ्यावरूनही पावसाळ्यानंतर बोट फिरवले तर तांबडी पूड हाताला लागते. बाझिलिकावर पुन्हा गिलावा करावा असे जाणकार सांगत आले आहेत आणि मला ते पटते.

आणि माड. गोव्यात झाडे तोडण्यावर 1984 च्या कायद्याने बंधन आहे. 2016 मध्ये दुरुस्ती करून त्यातून माड वगळला. कारण दिले की माडाला फांद्या नसतात, त्यामुळे तो व्याख्येत बसत नाही. वनस्पतिशास्त्राने पाहिले तर माडाच्या खोडाला वर्षाची वलये पडत नाहीत, आंब्याफणसासारखा त्याचा बुंधाही वर्षागणिक जाड होत नाही, हे खरे. ‘माड म्हणजे गवत’ असेही तेव्हा बोलले गेले. ते मात्र चूक, गवताचे कूळ वेगळे आणि ताडामाडाचे वेगळे. पण ज्याच्या चुडतांची झापे विणून घरे शाकारली, ज्याच्या सुरेने पाव फुगला, ज्यावर सूर काढणाऱ्या रेंदेरांची आणि नारळ पाडणाऱ्या पाडेल्यांची घरे चालली, त्याला झाड म्हणायचे की नाही हे लोकांनी कोणाला विचारले नव्हते. गावोगावी विरोध झाला. 2017 मध्ये माड पुन्हा झाडांत आला आणि तोडायचा तर परवानगीही पुन्हा लागू लागली.