एलडीएलचा न सुटणारा कमरपट्टा

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी एलडीएलच्या, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलच्या, आकड्यावर जाते. गंमत अशी की हा आकडा पुष्कळदा मोजलेला नसतोच. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरेल ते एलडीएल. फ्रीडेवाल्ड आणि सहकाऱ्यांनी 1972 साली मांडलेलं हे गणित अजूनही अनेक लॅबमध्ये चालतं. ट्रायग्लिसराइड दर डेसिलिटरला 400 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते निकामी होतं. आणि हिशेब अगदी चोख निघाला तरी तो असतो कोलेस्टेरॉलचा. ते वाहून नेणारे कण किती आहेत, हे त्यातून कळत नाही. धमनीच्या भिंतीत शिरतात ते मात्र कण.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही, म्हणून यकृत ते ट्रायग्लिसराइडबरोबर कणांत भरून पाठवतं. निघताना हा कण मोठा असतो, त्याला व्हीएलडीएल म्हणतात. वाटेत स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना ट्रायग्लिसराइड देत तो आकसतो आणि शेवटी 20 ते 25 नॅनोमीटरचा एलडीएल होतो. या प्रवासात छोटी प्रथिनं कणावर येतात नि जातात. एकच प्रथिन पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबत राहतं: अपोलिपोप्रोटीन बी-100, म्हणजेच अपो-बी. एका कणावर नेमकं एक. इन्सुलिनमध्ये 51 अमिनो आम्लं असतात. यात 4536 आहेत, सगळी एकाच साखळीत.

एवढ्या महत्त्वाच्या प्रथिनाचा आकार कित्येक दशकं कुणाला नीट दिसला नव्हता. ते अवाढव्य आहे, चरबीपासून वेगळं काढलं तर पाण्यात टिकत नाही, आणि कोणतेही दोन एलडीएल कण तंतोतंत सारखे नसतात. त्यामुळे स्फटिक बनवून क्ष-किरणांनी रचना शोधायची जुनी वाट बंदच होती. अखेर डिसेंबर 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध आले, एक मिसुरी विद्यापीठातल्या झॅकरी बर्न्डसन आणि कीथ कॅसिडी यांचा, दुसरा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाचा. दोघांनीही कण झटकन गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची असंख्य चित्रं घेतली. जिथे चित्र धूसर होतं तिथे अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीच्या अंदाजांची जोड दिली.

दिसला तो एक कमरपट्टा. साखळीच्या सुरुवातीला एक मोठा गोळा, आणि तिथून निघालेली सुमारे 60 नॅनोमीटर लांबीची पट्टी कणाला पूर्ण वळसा घालते. पट्टीची आतली बाजू चरबीत रुतलेली, बाहेरची रक्ताकडे. पट्टीच्या दोन्ही अंगांनी लहानमोठे नऊ फाटे निघून कणाच्या पृष्ठभागावर पसरतात. कण आकसला तरी हे प्रथिन का गळून पडत नाही, याचं उत्तर या रचनेत आहे.

याच पट्ट्याला पकडून यकृत एलडीएल रक्तातून काढून घेतं. पकडणारा रिसेप्टर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, 1970 च्या दशकात डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी शोधला. 1985 चं नोबेल त्यासाठीच. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळीही शेवटी इथेच येते: यकृताचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं मंदावतं, मग ते जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातले कण ओढून घेतं. काही घराण्यांत अपो-बीच्या 3500 व्या जागेवरचं आर्जिनिन जाऊन ग्लुटामिन आलेलं असतं. साडेचार हजारांतला हा एकच बदल, पण रिसेप्टरची पकड ढिली पडते, कण रक्तात जास्त काळ फिरत राहतात आणि एलडीएल तरुणपणापासूनच चढं असतं. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निबंधात रिसेप्टर आणि अपो-बी यांची ही पकडच प्रत्यक्ष दिसली.

धमनीतही हेच प्रथिन घात करतं. त्यावरची धनभारित अमिनो आम्लं भिंतीतल्या प्रोटिओग्लायकन नावाच्या ऋणभारित रेणूंना चिकटतात आणि कण तिथेच अडकतो. मग पांढऱ्या पेशी त्याला गिळायला येतात, चरबीने फुगतात, आणि थर साचायला सुरुवात होते. जितके कण जास्त, तितके अडकण्याचे प्रसंग जास्त.

म्हणून मला वाटतं, आपल्याकडच्या अनेकांसाठी अपो-बीची तपासणी एलडीएलच्या आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते. मधुमेह, सुटलेलं पोट, चढं ट्रायग्लिसराइड हे त्रिकूट दक्षिण आशियाई लोकांत सर्रास आढळतं. अशा माणसाचे एलडीएल कण आकाराने लहान असतात, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी. रिपोर्टवर एलडीएल ‘नॉर्मल’, आणि रक्तात कणांची गर्दी. अपो-बी मोजलं की ही गर्दी थेट कळते, कारण प्रथिन एक तर कण एक. युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत नेमक्या अशाच रुग्णांसाठी ही तपासणी सुचवली आहे; फार जास्त धोका असलेल्यांसाठी अपो-बीचं लक्ष्य आहे दर डेसिलिटरला 65 मिलिग्रॅमच्या खाली. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती सहसा नसते, डॉक्टरांना विचारून वेगळी करून घ्यावी लागते. त्यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही.