माशी आणि खाच: छर्रा चुकला तर नेमकं काय सरकवायचं?

छर्रा डावीकडे लागतोय ना, मग उजवीकडे सरकव. एअर रायफल हातात घेणाऱ्या प्रत्येकाला हा सल्ला कोणीतरी दिलेला असतो. मागच्या खाचेसाठी तो अगदी बरोबर आहे. पुढच्या माशीसाठी मात्र तो उलटा आहे. आणि ज्याने माशी घरी बनवून बसवली, त्याला पहिल्या दिवशी माशीच सरकवायची असते. म्हणून हा घोळ त्यालाच सगळ्यात जास्त भोवतो.

नावं आधी पक्की करू. नळीच्या तोंडाजवळचा छोटा खांब म्हणजे माशी. कोणी तिला फ्रंट साईट म्हणतं, एनसीसी केलेल्यांच्या तोंडी ‘फोरसाईट’ असतं. डोळ्याच्या बाजूला, पट्टीत कापलेली चौकोनी किंवा ‘व्ही’ आकाराची चीर म्हणजे खाच. आमच्या गावात बरेच जण दोन्हींना माशीच म्हणतात, पुढची माशी आणि मागची माशी. नाव एक असलं की कामही एकच असेल असं वाटायला लागतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते.

नेम धरताना माशी खाचेच्या बरोबर मध्ये दिसायला हवी. दोन्ही बाजूंना सारखा उजेड, आणि माशीचा माथा खाचेच्या वरच्या कडेशी एका पातळीत. नजर माशीवर स्थिर ठेवायची. निशाणाचा काळा गोल थोडा धूसर दिसला तरी चालतो, माशीची कड धूसर दिसून चालत नाही. इथवर बहुतेकांना माहीत असतं.

आता आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा झोका आठवा. लिंबाच्या आडव्या फांदीला दोन दोर आणि खाली पाट. फांदी म्हणजे आपल्या नजरेची सरळ रेषा, पुढचा दोर म्हणजे माशीची उंची, मागचा दोर म्हणजे खाचेची उंची, आणि पाट म्हणजे नळी. पुढचा दोर लांब सोडला तर पाटाचं पुढचं टोक खाली झुकतं. तसंच माशी उंच असली की नळीचं तोंड खाली बघतं आणि छर्रा खाली लागतो. मागचा दोर लांब सोडला तर पाटाची मागची बाजू खाली येते, पुढची वर उचलते. म्हणजे खाच वर चढवली की छर्राही वर चढतो. दोर दोन्ही सारखेच, पण एक लांबवला की पुढचं टोक खाली येतं, दुसरा लांबवला की वर जातं.

डावं-उजवंही तसंच. माशी उजवीकडे सरकवली की ती खाचेच्या मध्ये दिसावी म्हणून आपण नकळत नळीचं तोंड डावीकडे नेतो. छर्रा डावीकडे जातो. खाच उजवीकडे सरकवली तर माशी तिच्या मध्ये आणायला तोंड उजवीकडे न्यावं लागतं, आणि छर्रा उजवीकडे जातो. थोडक्यात, छर्रा जिकडे न्यायचा तिकडे खाच, आणि छर्रा जिकडे भरकटला तिकडेच माशी. खाली लागत असेल तर माशी आणखी खाली, डावीकडे लागत असेल तर माशी आणखी डावीकडे. ऐकताना हे मनाला पटत नाही, म्हणूनच झोका डोळ्यांसमोर ठेवायचा.

मला हे माझ्या हातून घडलेल्या चुकीतून कळलं. भाच्याची रायफल भिंतीला टेकवलेली होती, ती शहाबादी फरशीवर पडली आणि पुढची प्लॅस्टिकची माशी मुळापासून तुटली. मी घरीच बनवायला घेतली. पहिली माशी बसवली तेव्हा छर्रे १० मीटरवर काळ्या गोलाच्या बरेच वर लागत होते. मला वाटलं, वर लागतंय म्हणजे माशी जास्त उंच झाली. कानस घेतली आणि एक मिलिमीटर घासून टाकली. पुढचे पाच छर्रे पुठ्ठ्याच्याही वर गेले. उंची तर आधीच कमी पडत होती, मी ती आणखी कमी केली. घासलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे ती माशी डब्यात गेली आणि दुसरी कापावी लागली.

त्या दिवसापासून एक नियम पाळतो: माशी गरजेपेक्षा उंचच बनवायची. छर्रे खाली लागले पाहिजेत. मग कानशीने थोडं थोडं उतरवत छर्रे वर आणायचे. खाचेत ही अडचण नसते. तिचा स्क्रू पुढे फिरतो तसा मागेही फिरतो, चुकलं तर परत आणता येतं. दोन्हींमधला हा फरक दिशेच्या फरकाइतकाच मोठा आहे, तरी तो कोणी सांगत नाही.

किती घासायचं याचा हिशोब सोपा आहे. माशीपासून खाचेपर्यंतचं अंतर मोजा. समजा ते ४५० मिलिमीटर आहे आणि निशाण १० मीटरवर, म्हणजे १०,००० मिलिमीटरवर आहे. छर्रा जितका हलवायचा त्याला ४५० ने गुणा आणि १०,००० ने भागा. छर्रे ३० मिलिमीटर खाली लागत असतील तर १.३५ मिलिमीटर घासायचं. उलट बाजूने बघा: माशी ०.१ मिलिमीटर उतरली, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढी, तर छर्रा सव्वादोन मिलिमीटर वर जातो. १० मीटरच्या स्पर्धेच्या निशाणावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो. एका कागदाच्या जाडीने छर्रा त्या ठिपक्याच्या चौपटीहून जास्त सरकतो. म्हणून आधी मोठा भाग काढा, पाच छर्रे मारून ग्रुप, म्हणजे त्यांच्या भोकांचा पुंजका बघा, आणि शेवटचे दोन-तीन हात बारीक कानशीने, एकेका घासणीनंतर पुन्हा ग्रुप बघून द्या. एका छर्ऱ्यावरून कधीच ठरवू नका.

हे सगळं सुरू करण्याआधी खाच तिच्या सरकण्याच्या पल्ल्याच्या मधोमध आणून ठेवायची. खाच एका टोकाला असताना माशी जुळवली, तर पुढे छर्रा किंवा अंतर बदललं की खाचेला सरकायला जागाच उरत नाही. मोठा फरक माशीत काढायचा, बारीक फरक खाचेत. हवेने हलणारं डावं-उजवं तर कायम खाचेवरच सोडावं. ज्या साध्या रायफलींच्या खाचेला डावं-उजवं सरकणंच नाही, तिथे मात्र माशीशिवाय इलाज नाही. ‘एके-४७’वर वर-खाली आणि डावं-उजवं हे दोन्ही जुळवणं माशीतच असतं, तिचा खांब स्क्रूसारखा फिरतो आणि आडवाही सरकतो. फौजेतून आलेल्या माणसाला उलटा नियम चटकन पटतो तो यामुळे.

आता माशी कशाची? आपल्याकडे पहिला हात जातो सायकलच्या तारेकडे. चाकाची साधी तार २ मिलिमीटर जाडीची असते आणि जाडी अगदी कामाची आहे. स्पर्धेच्या निशाणाचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा. डोळ्यापासून माशी पाऊण मीटरवर असेल तर तिथे तो गोल साधारण २.३ मिलिमीटर रुंद दिसतो. माशी तेवढीच किंवा जराशी अरुंद असली की गोल तिच्या माथ्यावर नीट बसवता येतो. पण तार गोल असते, आणि उन्हात ती दगा देते. ऊन उजवीकडून आलं की तिची उजवी कड चमकते. डोळा चमकत्या भागालाच माशी समजून तो खाचेच्या मध्ये आणतो. खरी माशी तेवढी डावीकडे राहते, आणि छर्रा डावीकडे जातो. उजेडापासून पळतो म्हणा ना. सकाळी जुळवलेली रायफल संध्याकाळी दुसरीकडे मारते ती कित्येकदा एवढ्यानेच, आणि आपण उगाच खाचेचे स्क्रू फिरवत बसतो.

म्हणून मी २ मिलिमीटर जाडीची लोखंडी किंवा पितळी पट्टी घेतो. शिकंज्यात पकडून कडा काटकोनात घासतो, माथा सपाट ठेवतो, आणि डोळ्याकडची बाजू किंचित आत कलती करतो, म्हणजे वरचा उजेड तिच्यावरून डोळ्यात येत नाही. मग कापूर. पितळी ताटलीखाली कापूर पेटवून काजळ धरतात, तसाच माशीखाली कापराचा एक छोटा तुकडा जाळायचा आणि ज्योतीच्या टोकावर माशी धरायची. मखमलीसारखी काळी काजळी बसते, कुठलाही साधा रंग तिच्याइतका निस्तेज काळा होत नाही. बोट लागलं की ती निघते, पण पुन्हा धरायला मिनिट लागत नाही. हे काम माशी सुटी असताना, रायफलपासून दूर करायचं.

जळगावकडे एक सोय हाताशी आहे. ठिबकच्या २० मिलिमीटर काळ्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा माशीवर टोपीसारखा बसवला की वरचं आणि बाजूचं ऊन अडतं. फक्त तो माशीला टेकू देऊ नका.

बसवणं हा खरा कसोटीचा भाग आहे. चिकटवून भागेल असं वाटतं, पण स्प्रिंगची एअर रायफल सुटताना आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते. त्यात मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास. उन्हात तापलेल्या नळीवर साधा चिकटपदार्थ मऊ पडतो आणि माशी केसभर सरकते. डोळ्याला काही दिसत नाही, ग्रुप तेवढा फाकत जातो. म्हणून कॉलर करावी. नळीचा व्यास व्हर्निअरने दोन-तीन ठिकाणी मोजा, लेथवाल्याकडून त्या मापाची अ‍ॅल्युमिनियमची कडी करून घ्या, तिला एका बाजूने चीर पाडा आणि आवळायला आडवा अ‍ॅलन स्क्रू घ्या. वर माशीसाठी २ मिलिमीटरची खोबण. कॉलर नळीच्या तोंडाच्या थोडी मागेच हवी, छर्ऱ्याच्या वाटेत काहीच येता कामा नये. नळीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर अजिबात नाही. आणि जी रायफल नळी मोडून, म्हणजे खाली दुमडून भरतात तिथे हात कुठे धरतो ते आधी बघा. माशी तळहाताखाली आली तर हाताला कापेल आणि रोज थोडी थोडी वाकेलही.

कॉलर आवळण्याआधी माशी उभी आहे का ते ओळंब्याशी ताडून बघायचं. भिंतीपुढे ओळंबा टांगा, रायफल सपाट आधारावर ठेवा, खाचेतून बघत माशीची कड दोरीशी समांतर आणा. भाचा मागे उभा राहून ‘अठे नही, तठे’ (इथे नाही, तिथे) करत होता आणि मी कॉलर केसाकेसाने फिरवत होतो, तेव्हा लक्षात आलं की इथे किती कमी फिरलं तरी किती फरक पडतो. माशीचा माथा नळीच्या मध्यापासून २० मिलिमीटर वर असेल आणि कॉलर फक्त १ अंश फिरली, तर १० मीटरवर छर्रा जवळपास ८ मिलिमीटर सरकतो. डावं-उजवं जुळवायला कॉलर फिरवण्याचा मोह होतो. एक-दोन अंशांपुढे तो आवरावा, नाहीतर माशी तिरकी दिसते आणि डोळा तिला सरळ करायला रायफलच कलती करतो. मोठा फरक असेल तर माशी खोबणीतच सरकवून बसवावी.

कडीच्या माशीबद्दल थोडंच. पुढे खांबाऐवजी कडी आणि तिच्यात काळा गोल, अशी रचना स्पर्धेच्या रायफलींवर असते. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने ज्या १० मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्ण जिंकलं, तो प्रकार असाच आहे. पण तिथे मागे खाच नसते, बारीक भोक असतं. खाचेपुढे कडी बसवली तर डोळ्याला मध्य साधायला काहीच मिळत नाही. खाच असेल तर खांबच करा.

जुळवणी करताना निशाणामागे गोणपाट आणि जुन्या कापडांनी गच्च भरलेली लाकडी पेटी ठेवा, मोकळ्या भिंतीवरून छर्रा उलटा येतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिसं हाताळल्यावर हात धुवा. आणि माशी जुळली का हे बघायला झाडावरचं पाखरू निशाण नाही, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

ग्रुप काळ्या गोलात बसला की अ‍ॅलन स्क्रू शेवटचा आवळा आणि सुईने कॉलरवरून नळीवर जाईल अशी एकच बारीक रेघ ओढा. नळीवर रेघ नको असेल तर रंगाचा बारीक ठिपका चालेल. पुढे कधी छर्रे भरकटले, तर कानस उचलण्याआधी ती रेघ बघायची. ती तुटलेली दिसली तर माशी हलली आहे, जुळलेली असेल तर खाचेचा स्क्रू तपासायचा.